घरात विचारून सांगतो

"आय विल आस्क ॲट होम अँड टेल यू," सीताराम पालव उभे राहून ठणकावून म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

प्रांजल मॅडमनी धडाच तसा दिला होता. फोनवर गळ्यात पडणाऱ्या विक्रेत्याला इंग्रजीत, न दुखावता कसं कटवायचं? पालवांनी आपलं मराठीतलं जुनं हत्यारच परजून काढलं. विमा एजंट असो, वर्गणीवाले असोत की गावचा एखादा भाऊबंद, 'घरात विचारून सांगतो' म्हटलं की माणूस निमूट वाटेला लागतो. घरात विचारायचं असतं थोडंच! शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या बायकोलाही, जयंतीबाईंनाही हसू आलं. हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं.

मग टाळ्या झाल्या. उत्तर चुको की बरोबर येवो, टाळ्या वाजवायच्याच, म्हणजे माणसाची भीड चेपते, असा मॅडमचा नियम होता. बोरिवलीतल्या औषधांच्या दुकानावरच्या या खोलीत जमणारे बहुतेक साठीचे, मुलांकडे परदेशी जायचं म्हणून इंग्रजीच्या नादी लागलेले. पालव नवराबायकोलाही दिवाळीनंतर लेकीकडे मँचेस्टरला जायचं होतं. तिथून परत आलं की बोरिवलीचा फ्लॅट देऊन टाकायचा आणि कायमचं कुडाळला जायचं, असं पालवांनी ठरवून टाकलं होतं. गावच्या घरावर नवी कौलं चढली होती. फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं होतं. आज वर्ग सुटल्यावर त्याचा फोन येणार, पालव हो म्हणणार, की व्यवहार पक्का.

"नाऊ, पेअर्स," मॅडम म्हणाल्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि ऐकणाऱ्याने ते सगळ्या वर्गाला सांगायचं. विषय होता, पुढे कुठे राहायला आवडेल. मराठी बंद.

पालव गालात हसले. हिचं उत्तर तर त्यांना पाठ होतं. तरी नियम तो नियम. खुर्ची बायकोकडे वळवून त्यांनी फळ्यावरचा प्रश्न एकेक शब्द सुटा करून वाचला, "व्हेअर डू यू वॉन्ट टु लिव्ह?"

बोलण्याआधी जयंतीबाईंचे ओठ नुसतेच हलत. तसे हलले.

"हिअर," त्या म्हणाल्या.

"नो, नो. कुडाळ," पालवांनी हळूच सुचवलं. घाबरली की ही गडबडते.

"हिअर. बोरिवली." या वेळी त्यांनी मान वर केली होती. "हिअर आय हॅव फ्रेंड्स. आय हॅव मॉर्निंग वॉक. आय हॅव लायब्ररी. इन कुडाळ..." त्या अडल्या. मग शब्द सापडला. "इन कुडाळ, आय हॅव ओन्ली किचन."

एका दमात एवढं त्या वर्गात कधी बोलल्या नव्हत्या. घरीही कधी बोलल्या नव्हत्या, हे पालवांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना गावचा गणपती आठवला. आपण ओटीवर, भावांच्या गप्पांत. ही कुठे असायची? किती ताण दिला तरी आठवेना. म्हणजे आतच असणार, चुलीपाशी.

"मिस्टर पालव, टेल अस," मॅडमनी विचारलं. "व्हॉट डिड शी से?"

पालव उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. चार माणसांत कधी मान खाली घालायची वेळ आली नव्हती त्यांच्यावर.

"शी इज... व्हेरी हॅपी टु गो टु कुडाळ."

टाळ्या पडल्या. जयंतीबाईंनीही वाजवल्या. नियमच होता तसा.

उरलेला तास पालवांच्या कानात दुसरं काही शिरलं नाही. त्यांना लाज वाटत होती आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. वर्ग सुटला, जिना उतरताना त्यांनी घसा खाकरला.

"एवढं मनात होतं तर बोलायचंस ना गं."

"बोलले ना आत्ता. टाळ्या पण पडल्या," पुढच्या पायऱ्या उतरत जयंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पालवांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. फ्लॅटचं गिऱ्हाईक.

"काका, मग फायनल समजू ना?"

पालवांनी तोंड उघडलं. होकार कधीचा ओठांवर तयार होता.

"घरात विचारून सांगतो," ते म्हणाले.

पलीकडचा तरुण हसला. "काय काका, असं कटवू नका यार. द्यायचा नसेल तर सरळ सांगा ना."

"कटवत नाही रे बाबा. खरंच विचारायचंय," पालव म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात टाकला.

जयंतीबाई दोन पायऱ्या खाली थांबल्या होत्या. या वेळी हे वाक्य ऐकून त्यांना हसू आलं नव्हतं.

"विचारतोय," पालव म्हणाले. मराठीत.

खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. जयंतीबाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली, रुमाल काढला आणि शेजारची जागा पुसली.

"बसा," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."