वेशीवर

सूर्यमालेच्या कडेला पोचलेल्या यानातली वीज आटत चालली होती, म्हणून त्यावरचं कण मोजायचं यंत्र बंद करण्याचा आदेश सकाळी मीच पाठवला. तो तिथे पोचायला एक दिवस लागतो. दुपारी पडद्यावर सूर्याकडचे कण एकाएकी घटले, बाहेरचे वाढले. सूर्याकडून वाहणारा कणांचा वारा जिथे संपतो, ती वेस आली होती!

"अहो, मग आदेश मागे घ्या ना!" शेजारच्या टेबलावरच्या बाई ओरडल्या.

"दुसरा आदेश पहिल्याच्या मागेच राहणार, बाई. दोघांचा वेग सारखाच. आणि एकदा बंद झालं की तिथल्या थंडीत ते यंत्र पुन्हा सुरू होत नाही."

तेवढ्यात ते यंत्र बनवणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या सरांचा फोन आला. "गाढवा, जन्मभर जिची वाट पाहिली ती वेस आली म्हणे! माझं यंत्र चालू आहे ना रे?"

"चालू आहे, सर," मी म्हणालो. उद्यापर्यंत तरी ते खरं होतं.