परत आलेला सभासद

"मामा, तो परत आला. खरंच परत आला," भाची फोनवर जवळजवळ ओरडलीच. दातांची डॉक्टर ती. समोर खुर्चीत पेशंट आ वासून बसलेला असणार, पण तिला कसलं भान? "पाणी रोज बदलायचं का, असं काल विचारून गेला ना, तोच धडपड्या. आज थँक्यू म्हणाला आणि वर दुसरा प्रश्न विचारला."

"अरे वा," मामा म्हणाले, आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. धडपड्या म्हणजे ते स्वतःच होते.

घरी मासे पाळणाऱ्यांसाठी भाचीने एक ऑनलाइन फोरम काढला होता. ती, तिचा धाकटा भाऊ आणि मामा असे तिघं मिळून तो सांभाळत. जुने सभासद आपापसात गप्पा मारत, नवा मात्र एकही टिकत नव्हता. येई, एक प्रश्न विचारी आणि गायब होई. याचं मोठं श्रेय मामांचं. त्यांनी सारा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने खोडण्यात घालवला होता. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतच होते. कुणी भाबडेपणाने काही विचारलं, की 'आधी शोधा, मग विचारा' असं ठोकून देत आणि पुढे कोणी उत्तर देऊ नये म्हणून प्रश्नाला कुलूप लावून मोकळे होत.

शेवटी भाची वैतागली. "या रविवारपर्यंत एक तरी नवा माणूस टिकला तर ठीक, नाहीतर बंद करते मी हे," तिने सांगून टाकलं. मामांना हे परवडणारं नव्हतं. मामी गेल्यापासून त्यांची संध्याकाळ या फोरमवरच सरत होती. भाच्यांचा रोज फोन यायचा तोही त्याच्याच निमित्ताने. ते बंद झालं तर ही मुलं कशाला आपल्याला रोज विचारतील? म्हणून बसल्या बसल्या त्यांनी धडपड्या नावाच्या खोट्या सभासदाला जन्म दिला.

आणि काय नवल, दोन दिवसांत 'गोल्डीची आई' नावाची आणखी एक नवी सभासद आली. मासे झोपतात का, असं तिने विचारलं. मामांची बोटं सवयीने कुलपाकडे गेली, पण त्यांनी ती आवरली. ही खरी होती. हिला घालवून चालणार नव्हतं. मासे झोपतात, फक्त त्यांना पापण्या नसतात म्हणून कळत नाही, असं त्यांनी चांगलं ऐसपैस समजावलं. तिने हसरा चेहरा पाठवला. मामांना इतका आनंद झाला, की त्यांनी चहा दोनदा केला. पाठोपाठ 'काचवाला' आला. त्याने टाकी उन्हात ठेवली होती आणि पाणी हिरवं का झालं म्हणून विचारत होता. मामा त्यालाही हसले नाहीत. भाचा औषधांच्या दुकानातून फोन करून म्हणाला, "मामा, तुम्ही पार साखरेच्या पाकातून काढल्यासारखे बोलायला लागलात."

रविवारी तिघं भाचीच्या बंद दवाखान्यात जमले. भाचा ऐटीत पेशंटच्या खुर्चीवर आडवा झाला होता. भाचीने कॉम्प्युटर सगळ्यांना दिसेल असा वळवला. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"बंद बिंद काही करायचं नाही आता," ती म्हणाली. "तीन माणसं टिकली, मामा. आणि ती तुमच्यामुळे टिकली."

हे कौतुक मामांना काही पचेना. कोणी रागावलं असतं तर चाललं असतं.

"तीन नाही, दोन," ते मान खाली घालून म्हणाले. "धडपड्या मीच आहे."

मग भाचा खुर्चीतून सावकाश उठून बसला.

"एक," तो म्हणाला. "गोल्डीची आई मी. तो धडपड्या बिचारा एकटाच नवा होता. कंटाळून जाईल असं वाटलं. म्हटलं, सोबत द्यावी."

दोघांनी भाचीकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"त्या दोघांशी तुम्ही इतके गोड वागत होतात," ती पुटपुटली, "म्हटलं, हे थांबू नये. म्हणून मी काचवाला झाले."

तिघं हसत सुटले, पोट धरधरून हसले. पण हसू ओसरल्यावर दवाखाना एकदम सुना वाटायला लागला. आपणच विचारलं, आपणच सांगितलं आणि आपणच खूश झालो, हे हळूहळू तिघांच्याही ध्यानात येत होतं. भाची कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने फोरम बंद करायचं पान उघडलं. "नको ना, ताई," भाचा म्हणाला, पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. तिने हात मांडीवर ठेवले आणि ती तशीच बसून राहिली.

तेवढ्यात कॉम्प्युटर टिंग वाजला. नवा सभासद आला होता. भाचीने मान पुढे करून मोठ्याने वाचलं.

"नमस्कार. बरेच दिवस नुसतंच वाचतोय. माझा मासा कालपासून पोट वर करून पोहतोय. विचारायची लाज वाटत होती. पण गोल्डीच्या आईला इथे कोणी हसलं नाही, म्हणून धीर केला."

भाचीने भावाकडे रोखून पाहिलं. "तू?"

"आईशपथ नाही."

"माझ्याकडे काय बघता?" मामा म्हणाले.

मग तिघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. सहाही हात रिकामे होते.