घर आपलंच समजा

गणपतरावांच्या तोंडातून ‘या’ काही निघेना.

दारात रक्तपिशाच उभं होतं. चुन्यासारखा पांढरा चेहरा, आतून लाल अस्तर लावलेला काळा झगा, ओठांबाहेर आलेले दोन सुळे. पाठीमागं गगनबावड्याचं धुकं. कोल्हापूरहून आलेला दिग्दर्शक कृष्णात कॅमेऱ्यामागून खुणा करत होता. वाक्य सोपं होतं. ‘या, आत या. घर आपलंच समजा.’ दारी आलेल्या कुठल्याही पावण्याला गणपतरावांनी ते जन्मभर ऐकवलं होतं. कुठल्याही म्हणजे, आत घेण्याजोग्या.

“कट!” कृष्णात म्हणाला. “पाटील, हा शेकडो वर्षं माणसांचं रक्त पिऊन जगलाय. पण घरधन्यानं बोलावल्याशिवाय याला उंबरा ओलांडता येत नाही. सगळा सिनेमा तुमच्या या एका वाक्यावर उभा आहे.”

“जमतंय की. जरा घसा बसलाय,” गणपतराव म्हणाले.

घसा ठणठणीत होता. सकाळपासून गड्यांवर ओरडत होताच. आपलं दुमजली दगडी घर शूटिंगला द्यायचं आणि बदल्यात घरधन्याचं काम आपण करायचं, ही अट त्यांनीच घातली होती. सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर निघणार म्हणून झाडून सगळ्या सोयऱ्यांना निरोप गेले होते. आज ते सोयरे अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. पिशाच कोण होणार, हे विचारायचं तेवढं राहिलं. मघाशी त्या पिशाचानंच खोटे दात काढून हातात घेतले आणि म्हणालं, “जय भीम, पाटील. वळखलासा न्हवं? यल्लव्वाचा धम्मपाल.”

आता माघार तरी कशी घ्यायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

धम्मपाल कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होता, हौशी नाटकांतून कामं करायचा. हे काम त्यानं मागून घेतलं होतं. शूटिंग कुणाच्या घरी आहे, ते कळल्यावर.

त्याची आई अंगणापलीकडं फणसाखाली बसली होती. याच अंगणात यल्लव्वानं हात थकेपर्यंत झाडलोट केली. पाणी मिळायचं ते पायरीखाली, वरून ओतलेलं, ओंजळीत. एका पावसाळ्यात, तापानं फणफणलेल्या धम्मपालला कडेवर घेऊन ती विजेच्या भयानं दाराच्या आत शिरली. एकच पाऊल. गणपतरावांनी तिला बाहेर हाकललं, आणि जाण्याआधी उंबरा तिच्याकडूनच शेणपाण्यानं धुऊन घेतला. पोर तोवर भर पावसात पायरीवर रडत होतं. ते पोर काही विसरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला गणपतराव “या, आत या” म्हणाले, पण हात दाराला आडवा. कृष्णातनं हात काढायला लावला. पुढच्या खेपेला वाक्य पुरं निघालं. धम्मपालनं पाऊल उचललं आणि थांबला. “साहेब, झगा अडकला. परत घेऊ या.” मग दात निसटले. मग म्हणे डोळ्यांत रंग गेला. झगा अडकला नव्हता आणि दातही पक्के बसले होते. प्रत्येक वेळी गणपतरावांना कमरेत वाकून ‘या’ म्हणावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी धम्मपालच्या पोटातली जुनी आग थोडी थोडी निवत होती.

कृष्णातला भलताच हुरूप आला. नुसत्या रिकाम्या हातानं कसलं स्वागत? त्यानं घरातला पितळी तांब्या भरून आणवला आणि पाय धुवायचं पाणी म्हणून गणपतरावांच्या हातात दिला.

अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलेलं गाव तोंडावर हात धरून हसू दाबत होतं. भुताला तिथं कुणीच भीत नव्हतं. भीत होते ते गणपतरावांना, आणि आज ती भीतीही जरा पातळ झाली होती.

एकदाचा धम्मपाल उंबरा ओलांडून आत आला आणि कृष्णात म्हणाला, “ओके!” गणपतरावांनी तांब्या तसाच हातात धरून सुस्कारा सोडला.

धम्मपालनं दात काढले, झगा उतरवला, झग्यानंच तोंडावरचा रंग पुसला. फणसाखाली जाऊन त्यानं आईचा हात धरला.

“नगं रं बाबा,” यल्लव्वा पुटपुटली. पण उठली.

दोघं पायरी चढून आले, तसे गणपतराव दारात आडवे आले.

“ए, कुटं? शूटिंग संपलं न्हवं?”

“संपलं की.”

“मग आत कुनी बोलावलं तुमास्नी?”

“तुमीच की, पाटील,” धम्मपाल म्हणाला. “समद्या पै-पावण्यांम्होरं, वाकून. आनि घरधन्यानं एकदा बोलावलं की पुन्यांदा बोलवाय लागत न्हाय. व्हय का न्हाय, सायेब?”

कृष्णातनं मान डोलावली. कथेत तसंच होतं.

सोयऱ्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. गणपतरावांनी त्या बाजूला बघितलं, मग गावाकडं बघितलं. आणि बाजूला झाले.

यल्लव्वा आत गेली. तिनं सोफा बघितला, भिंतीवरचे हार घातलेले फोटो बघितले. “एवढंच व्हय?” म्हणाली आणि कुठंही न बसता परत फिरली. उंबऱ्याबाहेर येऊन ती थांबली. तिनं गणपतरावांकडं बघितलं, मग त्यांच्या हातातल्या भरल्या तांब्याकडं.

“मालक, उंबरा बाटला. पानी हातात हायच. ह्या बारीला तुमचा तुमीच धुवा.”