पाचवा कप

“हा जुळा भाऊ आला कुठून?” मित्सुएबाईंनी विचारलं.

सहीसाठी पेन उचललेले मोगामी सर तसेच थांबले. सेंदाईतल्या त्या पुस्तकांच्या दुकानात, त्यांच्या रहस्यमालिकेच्या अकराव्या आणि शेवटच्या भागावर सही घ्यायला दीडशे वाचक रांगेत उभे होते. आतापर्यंत जो तो ‘काय धक्कादायक शेवट!’ एवढं म्हणून, वाकून, पुढे सरकला होता. या एकाहत्तर वर्षांच्या बाई मात्र टेबलासमोर पाय रोवून उभ्या राहिल्या होत्या.

“आजी, कथेबद्दल प्रश्न नकोत,” शेजारी उभे असलेले संपादक गोड आवाजात म्हणाले. “एक पुस्तक, एक सही. मागे रांग आहे.”

“त्याच रांगेत मीही दोन तास उभी होते. गुडघे माझे दुखताहेत, तुमचे नाहीत.”

“आई, लोक बघताहेत,” मुलगी चिझुरू कानाशी पुटपुटली.

“बघू देत की! चार शिक्षकांचे खून होतात, दहा भाग आपण जीव मुठीत धरून वाचतो, आणि शेवटी इन्स्पेक्टरचा जुळा भाऊ दार उघडून येतो. म्हणे, मीच तो! दहा भागांत हा प्राणी एकदा तरी शिंकला होता का? असा तर आमचा पोस्टमनसुद्धा खुनी निघेल.”

मित्सुएबाईंनी चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. शिवणीतला सुटलेला टाका त्यांना हात लावण्याआधी दिसायचा. नोकरी संपल्यावर ती नजर रिकामी बसली होती, तेवढ्यात ही मांगा, म्हणजे चित्रकथांची मालिका, हाती पडली. हिच्यात रक्त फारसं सांडत नसे. भीती वाटायची ती हसून चहा देणाऱ्या माणसाची. एक पान पुढे गेलं की तीन पानं मागे जाऊन बघावंसं वाटे, आणि बघितलं की तिथे खरंच काहीतरी ठेवलेलं असे. आपल्या डोक्याला इतक्या मानानं आजवर कुणी वागवलं नाही, असं त्या उघड म्हणत.

खुनी शाळेतली नर्स आहे, हे त्यांनी सहाव्या भागातच ओळखलं होतं आणि घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. अकरावा भाग आला तेव्हा जावई हसला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. चिझुरू मात्र हसली नव्हती. “आई, नाही त्या गोष्टी दिसायला लागल्यात तुला,” असं म्हणून तिनं स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांची येत्या गुरुवारची वेळ घेऊन टाकली होती.

बाईंनी पिशवीतून दोन जुने भाग काढून टेबलावर आपटले. पानापानांतून रंगीत चिठ्ठ्या डोकावत होत्या.

“हा तिसरा. नर्स पाच कपांत चहा ओतते. खोलीत माणसं चार. पाचवा येणार हे तिला कुणी सांगितलं होतं? आणि हा सहावा. बंद खोलीत ती म्हणे पहिल्यांदाच येते, आणि काळोखात थेट खिडकीच्या कडीला हात घालते. जराही चाचपडत नाही. आता सांगा, हे तुम्ही काढलंय, की मला भास होतात?”

मोगामी सर चित्रातल्या कपांकडे बघत राहिले.

“त्या पाचव्या कपाला मला तीन आठवडे लागले होते,” ते हळूच म्हणाले.

“सर!” संपादकांचा गोडवा संपला. “हे बघा आजी, खुनी नर्सच आहे, हे नेटवर लाखभर लोकांनी ओळखलं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेला शेवट छापायचा कसा? धक्का नको का बसायला?”

“धक्का?” बाईंचा आवाज चिरकला. “धक्का काय, मागून येऊन कुणी कानाशी फुगा फोडला तरी बसतो! तुम्ही डाव मांडलात, आम्ही सहा वर्षं एकेक कप मोजत इमानानं खेळलो. आम्ही जिंकायला लागलो तर तुम्ही पटच उधळलात? शुद्ध लबाडी आहे ही. आणि तुमच्या लबाडीपायी गुरुवारी मला डॉक्टरसमोर बसून आज वार कोणता, ते सांगायचंय!”

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. चिझुरूचा चेहरा लालबुंद झाला होता.

मोगामी सरांनी अकरावा भाग पुढे ओढला. बाईंनी त्यावर तळवा दाबून धरला.

“यावर नको.” त्यांनी दहावा भाग काढून त्यांच्यासमोर ठेवला. “यावर करा. इथवर तुमचं होतं.”

“सही फक्त नव्या पुस्तकावर,” संपादक म्हणाले.

सरांनी दहावा भाग घेतला आणि त्याचं शेवटचं पान काढलं. नर्स पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. खाली कोपऱ्यात ‘क्रमशः’ असं छापलं होतं. त्या शब्दावर त्यांनी जाड रेघ मारली, बाजूला ‘समाप्त’ लिहिलं आणि खाली सही केली.

मित्सुएबाईंनी हात पुढे केला. पण सरांनी पुस्तक त्यांच्या हातात न देता चिझुरूसमोर सरकवलं.

“शाई ओली आहे,” ते तिला म्हणाले. “वाळेपर्यंत उघडंच धरा.”