खिडकीकडची बाजू

सलग तिसऱ्या सकाळी पलंग बोलला, "मालनताई, विश्रांतीतले ठोके एक्याऐंशी. वाढलेत. जिना चढू नका. दत्तोबा, तुमचे ठोके लागत नाहीत."

दत्तोबा गोंधळून उठून बसले. मालनला जाऊन महिना झाला होता.

त्यांनी पलंग दुरुस्त करणाऱ्या रेहानाला बोलावलं.

"काका, झोपता कुठं?"

"तीन दिवस खिडकीकडं. तिच्या जागेवर."

"मग काय! पलंग बाजूवरून माणूस ओळखतो, अन् तसंच रोज सरकारला कळवतो. सरकारदरबारी तुम्ही गेलात, काकू आहेत. परवापासून तुमच्या गोळ्या बंद होतील. खिडकीकडं तुमचं नाव टाकू?"

दत्तोबांनी स्वतःची नाडी धरून पाहिली.

"उद्या बदल," ते म्हणाले. "सकाळी एकदा तिला हाक मारू दे त्याला."