दहा ते दोन

"दहा ते दोन. चारच घंटे," आकांक्षा म्हणाली. "मग मी घरीच."

"अन् चार घंटे आचल कोणापाशी?" नितेशनं वरणात पोळी कुस्करत विचारलं.

आचल नऊ महिन्यांची होती. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतलं काम आकांक्षाचंच, बाळंतपणात सुटलेलं. आता अर्ध्या दिवसासाठी बोलावत होते. सोमवारपासून आठवडाभर येऊन पाहायचं आणि शनिवारी हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलं की जागा दुसरीला.

"माझी आई काही अमरावतीहून रोज येणार नाही. तुमच्या आईंना विचारू?"

"बारशाच्या दिवशी आयकलं नाई का तिचं?"

ऐकलं होतं. सुभद्राबाई अकोल्यातच, जुन्या शहरात थोरल्या मुलाकडे राहायच्या. पोर तीन वर्षांचं होईस्तोवर आईनं नोकरीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. त्यांच्याच शब्दाखातर थोरली सून शालू शाळेतली नोकरी सोडून घरी बसली होती.

नितेश हात धुऊन आला. दालमिलमध्ये तो सुपरवायझर होता, सकाळपाळीला. "सोमवारपासून पाच दिवस सुट्टी टाकतो. मी पायतो तिले. जमलं तं मालकाले दुपारपाळी मागतो. नाई जमलं तं तू पुन्हा विषय काढाचा नाई."

ठरलं.

सोमवारी दोनला सुटून ती धावतच जिना चढली. घर शांत. आचल साडीच्या झोक्यात झोपलेली, वाटीतली खिचडी संपलेली. नखंसुद्धा कापलेली.

"झोका तुम्ही बांधला?"

"मोबाईलवर पाह्यलं."

ज्या माणसाला चादरीची घडी जमत नाही, तो! मंगळवारी तसंच. बुधवारी तर लेकराला चोळून आंघोळ. आकांक्षाला आनंद झाला, पण नवल त्याहून जास्त वाटलं. आपल्या हातची खिचडी तर ही थुंकून टाकते. थोडं वाईटही वाटलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा.

"गेलती का आजबी?"

"हो, आई."

"लेकरू रडलं असन."

"नाही म्हणतात हे."

"म्हनन तो! माणसाच्या जातीले काय समजते लेकरू? शालूनं सोडली का नाई नोकरी? तुलेच कोणतं सोनं वाटून राह्यले तिथं?"

नितेश शेजारी बसून टीव्ही पाहायचा. आईपुढे त्याची जीभ रेटत नाही हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तरी राग यायचा.

शुक्रवारी प्रयोगशाळेतली वीज गेली. साहेबांनी अकरालाच सोडलं. आकांक्षानं ऑटो केला. आज पाहायचंच, हा माणूस करतो तरी कसं!

खाली नितेशची गाडी नव्हती.

लेकराला घेऊन कुठं गेला? की एकटीलाच ठेवून? दोन-दोन पायऱ्या चढत तिनं वर येऊन किल्ली फिरवली.

खोलीत सुभद्राबाई पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर आचल पालथी. त्यांनी दाराकडे पाहिलं. पाठीवर तेल चोळणारा हात मात्र थांबला नाही.

"जा वापस. दोन वाजता ये. म्या तुले पायलं नाई, तुनं मले पायलं नाई."