सोडलेला थेंब

आईचे हात थरथरू लागले होते, म्हणून या सोमवारी तिचा लाल थेंब वैजयंतीच तिला पाजायला बसली. जमिनीतला कोबाल्ट बॅटऱ्यांसाठी खरवडून नेल्यापासून तो चाऱ्यात उरला नव्हता, आणि म्हणून दुधात बी-बारा नव्हतं. आठवड्याला माणशी त्याचा एक लाल थेंब मिळे. त्यावरच नसा शाबूत राहत.

"तोंड उघड, आई."

आईने ओठ मिटले. तिचे पाय वर्षापूर्वीच बधिर झाले होते, आता माणसंही ओळखू येत नव्हती. थेंब घेऊनही असं का, हे डॉक्टरांना उमगत नव्हतं.

"मी सोडलाय तो. चातुर्मासात."

"चातुर्मासात तू वांगं सोडलंस," वैजयंती हसली. सात वर्षं तिने आईला वांगं वाढलं नव्हतं.

"वांगं आपलं लोकांना सांगायला. माझी वैजू पोटुशी राहिली, तेव्हापासून माझा थेंब तिच्या दुधात घालते. चार महिन्यांचा नेम, पुढे मोडवेना."

अंगणात वैजयंतीची सहा वर्षांची लेक लंगडी घालत होती.

"बाई, वैजूला सांगू नका हं. दूध प्यायची नाही मग."

"नाही सांगत," वैजयंती म्हणाली.

ती आत गेली, कपभर दूध घेतलं, थेंब त्यात घातला. उष्टं दिसावं म्हणून अर्धं ओतून टाकलं असतं तर थेंबही अर्धा गेला असता. म्हणून तिने कपाच्या काठाला नुसते ओठ लावले.

"वैजू प्यायली, आजी. हे तिचं उष्टं उरलंय. टाकू का?"

"टाकता कशाला?" आईने लगबगीने हात पुढे केला.